मोतीमहालातला तीनचा खेळ

देवमन ग्रामसेवक रस्त्यानं येताना दिसला की धनजमधली माणसं पळायची. साल होतं शहात्तर. प्रत्येक ग्रामसेवकानं नसबंदीच्या केसेस आणायच्या, नाहीतर बदलीला तयार राहायचं, असा वरून हुकूम होता. त्यामुळे दोन महिने देवमन शिबिराच्या जीपमधून गावोगाव हिंडत होता आणि गावंच्या गावं तुरीच्या वावरात जाऊन बसत होती. उकंडराव तर न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असताना, गालावरच्या साबणासकट नाल्यापलीकडे गेला होता. हाच उकंडराव पूर्वी रोज संध्याकाळी देवमनच्या ओट्यावर चहाला असायचा.

देवमन थकला होता. पायांचं थकणं वेगळं, ते निजल्यावर जातं. पण आपल्याला पाहून ओळखीची माणसं पळतात, या गोष्टीनं तो आतून थकून गेला होता. त्याला काही फार नको होतं. चारचौघांत जाऊन बसावं आणि कुणी उठून जाऊ नये, एवढंच.

त्यात पंचफुलानं निर्वाणीचं सांगून टाकलं. "आठ वर्सं झाली लग्नाले. तुमच्या बाजूले बसून एक पिक्चर नाही पाह्यला मी. रविवारी कारंज्याले मोतीमहाल उघडून राह्यला. नेलं नाही तं मी चालली रिठदले, माहेरी. मंग थापा आपल्या हातानं भाकरी."

"नेतो ना बाप्पा," देवमन म्हणाला. तेवढीच चारचौघांत बसायची सोय होईल, असं त्याच्या मनात आलं.

मोतीमहाल टॉकीज चंपालाल शेठच्या आजोबांनी नाटकांसाठी बांधलेलं. पुढे तिथे बोलपट आले, मग छत गळायला लागलं, आणि शेवटी प्रेक्षकांच्या जागी कापसाच्या गाठी आल्या. चंपालालनं जिद्दीनं ते पुन्हा उभं केलं. छतावरचे चुन्याचे मोर नव्यानं रंगवले, बाल्कनीचा पितळी कठडा चिंचेनं घासून घेतला, मखमलीचा लाल पडदा शिवला. आता रोज पिक्चर आणि अधूनमधून कव्वाली, नाटक, सगळं तिथे होणार होतं. नागपूरच्या एका थेटरात पाहिलं म्हणून त्यानं दारावरच्या माणसांना पांढरे कोट शिवले. शिवाय पहिल्या खेळाला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला वनस्पती तुपाचा एक डबा भेट. हौसेला मोल नसतं म्हणतात. तिला थोडी अक्कल असावी, असं मात्र कुणी म्हणत नाही.

रविवारी लेकरांना शेजारच्या भुरीबाईकडे ठेवून दोघं फाट्यावर उभी राहिली. एसटी आली ती दारापर्यंत भरलेली, आणि न थांबताच गेली. पंचफुलाचा चेहरा उतरायला लागला, तेवढ्यात शिबिराची जीप येऊन थांबली. आत ड्रायव्हर गोविंदसिंग, डोक्याला तेल लावून.

"बसा साहेब. मी बी पिक्चरलेच जाऊन राह्यलो."

जीपच्या टपावर भोंगा होता आणि अंगावर कुटुंब नियोजनाचा हा एवढा लाल त्रिकोण. देवमनच्या मनात पाल चुकचुकली. पण मागे माहेरी जायला निघालेली बायको उभी होती. तो बसला.

गोविंदसिंगनं सरकारी रुबाबात जीप थेट मोतीमहालच्या दारात लावली. रांगेत निम्मं धनज उभं होतं. उकंडराव बायकोला, दुर्गाबाईला, घेऊन सगळ्यात पुढे. जीप दिसताच त्यानं पटकन बायकोचा हात धरला.

"आला तो!"

"पिक्चर पाह्यले आले असतीन," दुर्गाबाई म्हणाली.

"जीप घेऊन?"

पण तिकीट काढून झालं होतं, आणि काढलेलं तिकीट वाया घालवणारा माणूस अजून धनजमध्ये जन्माला यायचा होता. उकंडराव चोरपावलांनी आत शिरला. दारातल्या पांढऱ्या कोटानं त्याच्या हातात तुपाचा डबा ठेवला.

"हा कायले?"

"भेट आहे. चला आत, दार लावाचं आहे."

शिबिरातही ऑपरेशन झालेल्याला तुपाचाच डबा मिळायचा. उकंडराव तो डबा अंगापासून लांब धरून खुर्चीच्या कडेवर टेकला. बाल्कनीच्या जिन्यावरून देवमननं हे पाहिलं आणि तो एक पायरी खाली उतरला. 'खाली जाऊन सांगावं का?' पण तो खाली गेला असता तर उकंडराव नाल्यापलीकडे गेला असता. देवमन मुकाट्यानं वर जाऊन पंचफुलाच्या बाजूला बसला. गादीच्या खुर्चीत पाठ टेकली आणि त्याला बरं वाटलं. चारशे माणसं, आणि सगळी बसलेली!

हे सुख काही टिकायचं नव्हतं. चंपालाल शेठ घाम पुसत वर आला.

"देवमनजी, घोटाळा झाला. पडदा उघडायच्या आधी जोडप्याच्या हातून पूजा पायजे. काका-काकी अकोल्याहून येणार होते, त्यांची मोटर बंद पडली. मी हा असा विधुर. तुम्ही दोघं बसा ना."

"शेठजी, आमी बौद्ध. पूजेले नाही बसत."

"खरंच की. मग दुसरं कुणी काढून द्या. तुम्ही सगळ्यांना ओळखता. लेकुरवाळं जोडपं पायजे, तसाच रिवाज आहे आमच्याकडे. चला, मुहूर्त टळतो."

"नोका जाऊ," पंचफुला पुटपुटली. पण आयुष्यात कधी कुणाला दोनदा नाही म्हणायला शिकला असता, तर देवमन ग्रामसेवक कशाला झाला असता? तो स्टेजवर गेला. समोर माईक होता. दोन महिने भोंग्यात बोलून त्याच्या जिभेला एक वळण पडलं होतं. माईक दिसताच ती आपली आपण सुटली.

"बंधूंनो, ज्यायले दोन-तीन लेकरं आहेत अशा जोडप्यानं पडद्यामांगं यावं. घाबराचं काही कारन नाही. पाच मिनिटाचं काम आहे."

थेटरात अशी शांतता पसरली की छतावरच्या मोरांनीही श्वास धरला असावा. शेठची सगळी तयारी आहे, हे सुचवायला पडद्याच्या फटीतून एक पांढरा कोट बाहेर आला. त्याच्या हातात पूजेचं तबक होतं, आणि तबकात नारळाची शेंडी काढायची सुरी.

उकंडरावच्या हातातला डबा दाणकन खाली पडला. "कापते रे बाप्पा! पळा!"

"अरे पूजा आहे!" देवमन माईकमध्ये ओरडला. "पूजा आहे, उकंडराव! बस ना!"

पण भोंग्यातल्या देवमनवर कुणी विश्वास ठेवावा? चारही दारं एकदम उघडली. कुणाला लागलं-बिगलं नाही. पळायची सवय होती सगळ्यांना, बायकांना पुढे घालून शिस्तीत पळाले. थोड्याच वेळात मोतीमहालात उरले देवमन, पंचफुला, गोविंदसिंग आणि तुपाचे डबे.

चंपालाल स्टेजवर डोकं धरून बसला. मग एकट्यानंच नारळ फोडला आणि थकलेल्या आवाजात वर सांगितलं, "चालव रे बाबा मशीन. यांनी तरी पाहू दे."

देवमन बाल्कनीत परत आला. खाली नुसत्या खुर्च्याच खुर्च्या होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पंचफुला, थेटर उठवलं मी. आता मानसं माह्या बाजूले कधी बसतीन?"

"मी बसली ना," पंचफुला म्हणाली. "पाहा समोर."

देवमननं समोर पाहिलं. पडद्यावर नावं सुरू होती. ती संपायच्या आत तो घोरायला लागला.

सोमवारी सकाळी देवमन पाणी आणायला बादली घेऊन निघाला, तर ओट्यावर उकंडराव उभा. हातात दुधानं भरलेला लोटा, चेहऱ्यावर सुतक. देवमन जागीच थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला पाहून कुणी पळालं नव्हतं.

"कसं हाय?" उकंडरावनं हळूच विचारलं. "लय दुखते काय?"

"काय दुखते?"

"आमी सारे भाईर उभे होतो. दारं लागली ते तीन घंटे उघडली नाहीत. तुमी आतच." उकंडरावनं लोटा या हातातून त्या हातात घेतला. "आमी पळालो, म्हनून तुमाले भरावं लागलं. तुमचीच केस केली ना त्यायनं?"

देवमनच्या आता लक्षात आलं. "अरे, तसं काही नाही! पिक्चर होता."

"कोन्ता पिक्चर? काय होतं त्याच्यात?"

देवमननं खूप आठवून पाहिलं. नावांच्या पुढचं काही आठवेना. "मी झोपलो होतो," तो म्हणाला.

"तेच म्हन्तो मी. सुई देऊन झोपवतेत पह्यले." उकंडरावनं लोटा खाली ठेवला, देवमनला दंडाला धरून ओट्यावरच्या खाटेवर बसवलं आणि स्वतः त्याच्या बाजूला बसला. "जाऊ द्या. आपल्या मानसापाशी कायले लपवता? साऱ्या गावाले मालूम आहे. सांजच्याले सारे येऊन राह्यले तुमाले भेटाले."

"सारे?"

"सारे. आता कोन पळते तुमाले पाहून?"

उकंडरावचा खांदा देवमनच्या खांद्याला लागला होता. इतक्या दिवसांनी कुणीतरी बाजूला बसलं होतं. त्यानं हळूच एक पाय खाटेवर घेतला, मग दुसरा.

"थोडं थोडं दुखते," तो म्हणाला.

उकंडराव उठला आणि जाता जाता दारातल्या पंचफुलाला बजावून गेला, "वैनी, आठ दिस यायले जड काही उचलू देऊ नोका."

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पंचफुला मान डोलावत उभी राहिली. मग तिनं बादली उचलली, खाटेपाशी आली आणि ती देवमनच्या पोटावर ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "सारा पिक्चर मी तुमच्या बाजूलेच बसून होती."