रिकाम्या पोटाचा दाखला

जगात माणसाला इजा होण्याची मूळ कारणं दोनच: हालचाल आणि घाई. योगात पहिली मुळातच असते, दुसरी शिकणारा घरून घेऊन येतो. तेव्हा आमच्या ऋषिकेशात, जिथे पहाटे घाटावर पाय ठेवायला जावं तर तिथे आधीच कुणाचं तरी डोकं टेकलेलं असतं, सुरक्षिततेची जबाबदारी कुणीतरी घेणं भागच होतं. ती आम्ही तिघांनी घेतली. तिघांनीच, कारण कचेरीत खुर्च्या तीन होत्या.

घाट सुरक्षित योग समितीचा जन्म एका दुर्घटनेतून झाला. आमचे अध्यक्ष विशालमणी कुकरेती यांनी भंडाऱ्याच्या पंगतीत अकरा पुऱ्या खाऊन धनुरासन केलं. पुढचं गंगामैया जाणते, आणि शेजारच्या चटईवरच्या जर्मन बाई. (त्या पुन्हा आल्या नाहीत.) त्याच संध्याकाळी नियम एक मंजूर झाला: घाटाच्या चौथऱ्यावर आसन करणाऱ्याने आधी कचेरीत येऊन पोट रिकामं असल्याचा दाखला घ्यावा, शेवटचं खाणंपिणं होऊन तीन तास झालेले असावेत. नियम दोन: आठ वाजता चौथऱ्यावर ऊन आलं की आसनं बंद. नियम तीन ते एकोणचाळीस हे पहिले दोन नीट पाळले जावेत म्हणून आहेत.

शास्त्राला धरून, निर्दोष नियम. हिशेबात एकच गोष्ट राहून गेली: बचुली बोडी. कचेरीचा चहा तिच्याकडे. वय पासष्ट, पण सगळ्या घाटाची ती बोडी, म्हणजे थोरली काकू. आणि आम्ही पडलो डोंगरातली माणसं. उंबऱ्याच्या आत आलेल्याला चहाशिवाय परत धाडणं म्हणजे पितरांना उपाशी उठवण्यासारखं. कचेरी उघडे सहाला. सहाला चहा म्हटल्यावर पोट रिकामं होणार नवाला, आणि ऊन येणार आठला. अर्जदारांपैकी बहुतेक जण पंधरवड्यात पलीकडच्या काठावर गेले. (तिथे अपघात किती होतात याची आकडेवारी उपलब्ध नाही. म्हणजे पुष्कळ होत असणार.)

गेले नाहीत ते चक्रधर डोभाल. वय बहात्तर, उभा जन्म डाकेची थैली पाठीवर टाकून डोंगर चढण्यात गेलेला. उजवा गुडघा दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा. झुलता पूल ओलांडवत नव्हता. घरी एकट्याने करावं, तर नियम सातप्रमाणे तो सर्वांत धोकादायक प्रकार. आणि सरकारी माणूस, नियम मोडणं त्यांच्या हाडात नव्हतं.

"भुला," ते मला धाकट्या भावाच्या नात्याने म्हणाले, "दोन महिन्यांनी हेमंतीचं लग्न आहे. तिचा बाप नाही, कन्यादान मलाच करायचंय. अडीच तास मांडी घालून बसायचं. डॉक्टर म्हणतो, रोज योग करा, वाकेल गुडघा."

"खुर्चीवर बसा की, भैजी."

"खुर्चीवर बसून नात द्यायची? व्याह्यांना वाटेल तहसीलदार आलाय सही करायला. आणि मी नाही बसलो तर माझा चुलतभाऊ गोकुळानंद बसणार. वीस वर्षांत त्याने पोरीचं नाव एकदा धड घेतलेलं नाही."

प्रकरण गंभीर होतं. मी त्यांना अर्जाचा कागद दिला. तेवढ्यात बोडी आली.

डोभालजी म्हणाले, "बोडी, आज चहा नको. पोट रिकामं ठेवायचंय."

"माझ्या चहाने भरतं होय पोट? मग जेवायला कशाला जाता घरी?"

"अगं, नियम आहे."

"नियम त्यांचा, चहा माझा. धरा, हात भाजतोय."

डोभालजींनी धरला. मी रकाना भरला: शेवटचं खाणंपिणं, आत्ता. प्रतीक्षा, ओसरीवर, जमिनीवर. (खुर्च्यांचा उल्लेख वर आलाच आहे.)

रोज हेच. पहिल्या आठवड्यात त्यांचा उजवा पाय ओसरीवर वल्ह्यासारखा आडवा पडलेला असे. चार माणसं अडखळली, त्यांतला एक जण नियम एकोणीसची प्रत हातात घेऊन पडला. 'तयारीतील अपघात' या सदरात रीतसर नोंद आहे. अध्यक्ष आतून ओरडत, "भैजी, पाय आवरा!" डोभालजी दातओठ आवळत पाय बोटभर आवरत. अध्यक्ष दिवसाला दहा-बारा वेळा ओरडत. समितीचं दुसरं विशेष काम नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते पत्रिका घेऊन आले. चेहरा पडलेला. "दाखला मिळाला नाही, भुला. गोकुळानंदने नवं धोतर शिवायला टाकलंय." (धोतर शिवत नाहीत, हे मला माहीत होतं. त्या घडीला बोललो नाही.) एवढं बोलून ते नेहमीच्या जागी बसले. बोडीने कप पुढे केला आणि तिचा हात तसाच थांबला.

"भैजी, तुमचा पाय कुठाय?"

डोभालजींनी खाली पाहिलं. पाय मांडीखाली होता. दोन्ही.

 मग अध्यक्ष खुर्चीतून उठले (वर्षातली पहिलीच वेळ) आणि किंचाळले, "हलू नका! विनादाखला मांडी घातलीय! तीही चहाच्या तोंडावर!"

दुसऱ्या दिवशी डोभालजी मंडपात पावणेतीन तास बसले. पंडित दोनदा पाय मोकळे करायला उठला, डोभालजी एकदाही नाही. हेमंतीचा हात हातात घेताना तेवढे हलले, पण ते गुडघ्यामुळे नव्हे. गोकुळानंद नव्या धोतरात पुऱ्या वाढत होता.

समितीचा वार्षिक अहवाल आता प्रसिद्ध झाला आहे. आसनं करताना झालेले अपघात: शून्य. झालेली आसनं: शून्य. दिलेले दाखले: शून्य. दिलेले चहा: तीन हजार सातशे बारा. पूर्ण बरे झालेले: एक. देशातल्या कुठल्याही घाटाने याहून सुरक्षित योग दाखवावा.

आणि वाचकहो, एवढी वळणं वाचताना तुमचीही पाठ मघापासून वाकलेलीच आहे, मला दिसतंय. तुम्ही मनातल्या मनात म्हणालातही, उद्यापासून सुरू करू. समितीची याला पूर्ण संमती आहे. आमच्या दप्तरात सगळ्या दिवसांची नोंद आहे, आणि उद्या आसन करताना आजवर कुणालाही साधं खरचटलेलंसुद्धा नाही.