सावंतदादांची काडी

सावंतदादा वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्तीसुद्धा वारा बघून पेटवायचे. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट बंद, तरी बोट ओलं करून हवेत धरायचे. मग टेबलाखाली वाकायचे. "खाली कोणी नाही ना?"

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या आमच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, त्यांना टाळून ग्रिल पेटवायची कोणाची छाती नव्हती. एकदा कोळशात मुंगी दिसली म्हणून त्यांनी सगळा ढीग उपसला. दुपारचं चिकन आम्ही संध्याकाळी खाल्लं, तेही त्यांना शिव्या देत. आज त्या चिकनची फार आठवण येते.

दादा मूळचे कुडाळकडचे. वणव्यांवर पीएचडी करायला आले आणि मधे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबरोबर राहून आले ते त्यांचेच होऊन. ते लोक रान राखायला रान जाळतात. दव असताना, थोडं थोडं, गुडघ्याएवढ्या ज्वाळेने, किडामुंगीला वाट ठेवून. मग मोठ्या वणव्याला खायलाच काही उरत नाही. "आग चालली पाहिजे, धावली की संपलं. गेनाऊ? बरोबर ना?" हे दादा भात ढवळतानाही सांगायचे.

प्रबंधासाठी त्यांना जवळच्या खेड्यातला झुडपांनी भरलेला एक उतार तसा जाळायचा होता. सरकारी गेनेमिगुंग, म्हणजे लेखी परवानगी, हातात होती. मार्च लागला की पक्ष्यांच्या घरट्यांमुळे बंदी. तरी दादा काडी ओढेनात. का, तर ऑस्ट्रेलियातल्या त्या आदिवासी म्हाताऱ्यांची शिकवण: ज्यांची भूमी, त्यांना विचारल्याशिवाय आग लावायची नाही.

"अहो दादा, परवानगी मिळाली की!"

"कागदाची मिळाली. जमिनीच्या माणसाची कुठे मिळाली?"

जमिनीचं माणूस म्हणजे फ्राउ क्लाइन, लहानपणी त्या उतारावर शेळ्या चारलेली, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिने दारातूनच सांगितलं, "आग मी युद्धात पुष्कळ पाहिलीय." आणि दार लावून घेतलं. दुसरा कोणी असता तर कागद नाचवून मोकळा झाला असता. हे दर रविवारी जाऊन तिची लाकडं फोडू लागले. तिने केक दिला की तो खायचा आणि आगीचं नाव काढायचं नाही. फेब्रुवारी सरत आला. प्रोफेसर भडकले, वर्ष पाण्यात जायची वेळ आली. आम्ही अक्षरशः हात जोडले.

शेवटच्या कोरड्या सकाळी अग्निशामक दलाची गाडी येऊन थांबली, तरी दादा नुसते उभे. तेवढ्यात म्हातारी काठी टेकत आली. उताराकडे बराच वेळ बघून म्हणाली, "माझे वडील वरून लावायचे. खालून लावली की ती पळते."

दादांनी काडेपेटी तिच्या हातात दिली.

आग सावकाश खाली उतरत गेली. एक ससा घाई न करता निघून गेला. म्हातारी वडिलांबद्दल बोलत राहिली आणि दादा शाळकरी पोरासारखे ऐकत राहिले.

परतताना बसमध्ये मी म्हणालो, "आता गावी जाऊन हेच करा दादा. तुमच्याकडचेही डोंगर दरवर्षी पेटतात."

ते खिडकीबाहेर बघत होते.

"आई भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायच्या आधी सगळ्या वाडीत सांगून यायची. ती गेली, वाडी मुंबईला गेली. आता सगळ्या घरांना कुलपं आहेत रे. विचारू कोणाला?"