सातच्या ठोक्याला गिरिधर

संध्याकाळी सातला मयुरीचा फोन वाजला की पंकजच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हातातली पोळी तशीच टाकून ती फोन घेऊन गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची आणि पलीकडून आवाज यायचा. आवाज पुरुषाचा होता, आणि पुरुषाचा असूनही गोड होता.

"नमस्कार मयुरीताई, मी गिरिधर. आज तुम्हाला कसं वाटतंय?"

"बरं वाटून राहिलं जी," मयुरी म्हणायची. "काल पाय सुजले होते, आज नाही."

जी! पंकजला हा मान आजवर एकदाच मिळाला होता, तोही लग्नात, उखाणा घेताना. मधूनमधून फोनवर टुक् असा आवाज यायचा. तो कसला इशारा असेल, याचा विचार करत पंकज दाराला कान लावून उभा राहायचा. शेवटी गिरिधर म्हणायचा, "काळजी घ्या, ताई." एक दिवस चुकायचा नाही. आणि मयुरी हसत आत यायची.

तसं पाहिलं तर यात चोरून-लपून काही नव्हतं. पोटातली बाळं दगावतात कशी, धोक्याची खूण आधीच कशी ओळखायची, यावर एका हॉस्पिटलात संशोधन चाललं होतं आणि त्यांच्या हुडकेश्वर भागातल्या कितीतरी गरोदर बायका त्यात होत्या. त्या संशोधनातल्या वच्छला सिस्टर घरी आल्या, रोज फोन कसा येईल ते सगळं समजावून गेल्या होत्या. पंकज तेव्हा क्रिकेटची मॅच बघत होता. त्यानं दोनदा "हाव, हाव" म्हटलं होतं आणि त्याच्या मते एवढं नवऱ्याला पुरे.

आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात पंकज-मयुरीचं बाळ पोटातच गेलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. पंकज तर नाहीच. या वेळी सहावा महिना लागला तेव्हापासून तो रोज आणखी थोडा गप्प होत गेला, आणि मयुरी तिकडे गिरिधरशी बोलत गेली.

हिंगण्याच्या कारखान्यात शेजारच्या मशिनवर नत्थू होता. त्याला पंकजनं सगळं सांगितलं.

"ताई तर म्हणून राहिला ना बे," नत्थू म्हणाला.

"सुरुवात सगळे ताईनंच करतेत."

"मंग तूच बोल त्याच्याशी. मर्दासारखा."

पंकजला ते पटलं. शनिवारी सकाळी वच्छला सिस्टर मयुरीचं बीपी बघायला आल्या, तेव्हा परत जाताना त्यानं त्यांना जिन्यात गाठलं. "सिस्टर, हिचा मोबाइल बिघडला आहे. आजपासून माझा नंबर टाका." सिस्टरनी टाकला. मयुरीला याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी ओव्हरटाइम निघाला. सात वाजले तेव्हा कंपनीची बस सिग्नलला अडकली होती आणि पंकजच्या खिशातला फोन वाजला. साक्षीदार असावा म्हणून त्यानं स्पीकर लावला. शेजारी बसलेला नत्थूच नाही, अख्खी बस साक्षीदार झाली.

"नमस्कार मयुरीताई, मी गिरिधर."

"मयुरीताई नाही, तिचा नवरा बोलून राहिलो!"

"आज तुमचं डोकं दुखतंय का?"

"दुखून राहिलं ना! तुझ्यानंच दुखून राहिलं! रोज सात वाजले का ठणकते!"

"होय असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन दाबा."

"मले दाबायले सांगते?" पंकजनं रागानं एकावर असं बोट हाणलं की फोन हातातून सुटता सुटता राहिला.

"तुमचे पाय सुजले आहेत का?"

दिवसभर मशिनपाशी उभं राहून पाय बुटात मावत नव्हते. दुसऱ्याच्या बायकोचे पाय विचारतो काय! पंकजनं पुन्हा एक दाबला. टुक्!

"डोळ्यांपुढे अंधारी येते का?"

"आता येऊन राहिली!" एक.

नत्थूनं त्याचा दंड धरला. "पंकज, अबे, टेप आहे हे! सिलिंडर बुक करताना बाई बोलते ना, तसं."

पंकजचं बोट हवेतच राहिलं. महिनाभर तो एका टेपवर जळत होता. त्या बसमध्ये खाली बघून बसण्याखेरीज त्याच्याकडे काही उरलं नाही. तेवढ्यात गिरिधरनं त्याच गोड आवाजात विचारलं, "बाळाची हालचाल रोजच्यासारखी आहे का?"

पंकजला माहीत नव्हतं. बाळ हलतं, ते कधी हलतं, रोजच्यासारखं म्हणजे कसं, यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. त्याचं बोट ना एकावर गेलं, ना दोनावर. गिरिधरनं थोडी वाट पाहिली.

"ताई, तुमच्या उत्तरांत धोक्याची लक्षणं आहेत. घाबरू नका. डाव्या कुशीवर आडव्या व्हा. आमची गाडी घरी येत आहे."

"आडवा होय गा," मागून कुणीतरी ओरडलं. "सीट खाली करून देतो!"

बस हसत असतानाच अनोळखी नंबरवरून फोन आला. पुन्हा गिरिधरच, असं समजून पंकजनं तो कापला. परत आला, परत कापला. मग शहाणपण सुचून त्यानं मयुरीला फोन लावला. ती उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. आता मात्र त्याला बसचं हसू ऐकू येईनासं झालं. आदल्या वर्षी बाळ गेलं त्या दिवशीही तिनं फोन उचलला नव्हता.

घराच्या गल्लीत तो पळतच शिरला. दारात ॲम्ब्युलन्स, भोवती गर्दी. जिना कसा चढला ते त्याला कळलं नाही.

मयुरी सोफ्यावर ठणठणीत बसली होती. दंडाला बीपीचा पट्टा आणि चेहऱ्यावर राग. तिचा फोन या गडबडीत गॅलरीतच राहिला होता.

"बीपी बरोबर, लघवी तपासली तीही बरोबर, बाळ मस्त फिरतंय," वच्छला सिस्टर म्हणाल्या. "मग डोकं दुखतंय, पाय सुजलेत, अंधारी येते, ही उत्तरं दिली कोणी? आणि आमचे फोन कोण कापत होतं?"

"मीच," पंकज दारातून म्हणाला.

"पण उत्तरं कुणाची?"

"तीही माझीच."

सिस्टरनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो घामानं निथळत होता. त्यांनी मयुरीच्या दंडावरचा पट्टा सोडून त्याच्या दंडाला बांधला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "पंकजभाऊ," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "डाव्या कुशीवर व्हा. गाडी रिकामी नेण्यात अर्थ नाही. आमच्या संशोधनात मिशीवाली पेशंट पहिलीच."

स्ट्रेचर खाली आलं तेव्हा समोरच्या कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. "अवं, मयुरी तर चालत येऊन राहिली. मंग आडवं कोन आहे?"

"नवरा," सिस्टर म्हणाल्या.

"बाप्पा! त्यालेही?"

गाडी निघाली. मयुरी त्याच्या उशाशी बसली. "काहून बदलला नंबर?"

पंकज छताकडे बघत म्हणाला, "तू त्याले जी म्हणते."

मयुरीला हसू फुटलं. पोट धरून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"टेप आहे हे मले पयल्या दिवसापासून माहीत आहे. पन टेप असली तरी विचारते ना! मागच्या वेळेस बाळ गेलं, तुम्ही एका शब्दानं तरी विचारलं का मले कसं वाटून राहिलं?"

"भेव वाटते," पंकज म्हणाला. "मी विचारीन, आन तू काही वाईट सांगशीन."

मयुरीनं त्याचा हात उचलला आणि पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. पंकज ताडकन उठून बसायला लागला आणि वच्छला सिस्टरनी त्याला पुन्हा आडवं केलं.

हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर, पोटुशा बायकांच्या बाकावर त्याला बराच वेळ बसवून ठेवलं. भीतीनं चढलेलं बीपी उतरलं, पण थोडं खरोखरचंही निघालं, आणि त्याचं लोणचं बंद झालं. गिरिधरचा फोन पुन्हा मयुरीच्या नंबरवर यायला लागला.

तेव्हापासून पंकज घरी आला की बूट काढायच्या आधी विचारतो. डोकं, पाय, अंधारी, बाळ. क्रम गिरिधरचाच, आवाज तितकासा गोड नाही. मयुरी सगळं सांगते, न विचारलेलंही सांगते.

परवा असंच सांगत होती आणि सात वाजले. फोन वाजायला लागला. मयुरीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वाजू द्या जी," ती पंकजला म्हणाली. "आपलं होऊ द्या आधी."

पंकजला तो जी ऐकून इतकं बरं वाटलं की त्याला फोनची दया आली. तो उठला, चार्जिंगला लावलेला फोन काढून तिच्या हातात देत म्हणाला, "उचल वं. त्याले काळजी लागून राहिली असन."