बेअरिंगची गाडी

"रविवारले पद्मालयना गणपतीले जाऊत. वाटमा जर का घरघर ऐकू उनी, तर सोमवारले नरडाणाना गिऱ्हाईकले जिप्सी दी टाकानी," द्रौपदाबाईंनी निकाल देऊन टाकला.

त्यांचे यजमान आधारनाना यांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. जिप्सी पंचवीस वर्षांची. मागच्या चाकांतून असा आवाज काढायची, की ती एरंडोलच्या नाक्यावर वळली की इकडे घरी चहाचं आधण चढायचं. शिवाय चाकाच्या सीलमधून तेल झिरपून ब्रेकचीही वाट लागली होती. पण याच गाडीने लेकीला सासरी पोचवलं होतं आणि याच गाडीने तिला पहिल्या बाळंतपणाला घरी आणलं होतं. ती परक्याच्या दारात उभी राहणार, ही कल्पनाच नानांना सोसवेना.

मेकॅनिकवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. जळगावहून नवी सीलं आणि दोन नवी बेअरिंगं आणून, शाळेपासूनचा दोस्त वना याच्या मदतीने त्यांनी शनिवारी सकाळीच अंगणात चाकं उतरवली. दुपारपर्यंत जुनी बेअरिंगं ठोकून ठोकून बाहेर काढली. वनाने त्यातलं एक रॉकेलमध्ये धुतलं, बोटावर गर्रकन फिरवलं आणि तो एकदम दहा वर्षांचा झाला.

"आधार, आपली बेअरिंगनी गाडी आठवस का?"

"आठवस ना! मारुतीना उतारवरतून सुटेत आपन. गुडघा फुटे तव्हयच थांबेत."

मग काय! काम अर्धवट टाकून दोघांनी एक जुनी फळी शोधली. तिला मागे जिप्सीची दोन जुनी बेअरिंगं लावायची, पुढे पाण्याच्या मोटारीतलं एक. नवी बेअरिंगं अर्थातच जिप्सीला. इतकं सोपं होतं. पण वनाने मोठ्या लाडाने जुनी-नवी चारही धुऊन, पुसून, ग्रीस भरून एकाच परातीत मांडली होती. त्यात परात द्रौपदाबाईंची, म्हणून घाईही होती.

रविवारी वनाला मागे बसवून जिप्सी निघाली. तेलाचा थेंब गळत नव्हता, ब्रेक झकास लागत होता, आणि गाव संपायच्या आत तीच ओळखीची घरघर सुरू झाली. नाना घाईघाईने मोठ्याने आरती म्हणू लागले. वनाने टाळ्यांचा ठेका धरला.

"आरती राहू द्या," द्रौपदाबाई म्हणाल्या. "घरघर देवले बी ऐकू जाई राह्यनी."

येताना घरघर चालूच होती. नानांना रडू येत होतं. अंगणात उतरताना द्रौपदाबाईंचा पाय फळीच्या गाडीला लागला. ती सुटली ती थेट फाटकापर्यंत गेली, जराही आवाज न करता.

वनाने धावत जाऊन ती ओढत परत आणली.

"नवी बेअरिंगं हिले लावी दिन्ही का?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"वहिनी, आते बदली देऊत," वना पुटपुटला.

"बदला. पन घाई नही." त्यांचं माहेर याच गल्लीतलं. त्यांनी पदर खोचला आणि फळीवर बैठक मारली. "लहानपने तुम्ही पोरं आमले नुसतं ढकलाले लावेत. कव्हयच बठू दिन्हं नही."

दोघे निमूटपणे ढकलू लागले. गाडी फाटकाबाहेर पडली.

"आवाज येस का?" नानांनी भीतभीत विचारलं.

"नही. जिप्सी देवानी नही, अशं त्या गिऱ्हाईकले सांगी द्या," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आन आते मारुतीना उतारकडे घ्या."