पाठीशी वारा

केल्व्हिन बर्डेटने पेट्रोलपंपावरच्या झेंड्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

"आजही नाही. वारा पश्चिमेचाच आहे. थेट तोंडावर!"

"रविवारी बेरिलला सत्तर वर्षं पूर्ण होतात," नोरीन म्हणाली. "आज गुरुवार, आणि अजून नऊशे किलोमीटर जायचंय. सहा वर्षांनी बहिणीला भेटणार आहे मी."

"भेटशील गं. पण समोरच्या वाऱ्यात ही म्हातारी अ‍ॅव्हरेज काय देणार?"

म्हातारी म्हणजे त्यांचं तेहतीस वर्षांचं मोटारहोम, चाकांवरचं घरच. निवृत्त झाल्यापासून केल्व्हिनला अ‍ॅव्हरेजचं वेडच लागलं होतं. टायरची हवा तो दिवसातून दोनदा तपासायचा, लिटर-लिटरचा हिशेब वहीत मांडायचा. वजन नको म्हणून त्याने जाड गादी शेजाऱ्याला देऊन टाकली आणि दात घासायच्या ब्रशांचे दांडे करवतीने अर्धे कापले. राज्याच्या हद्दीवर तपासनिसाने, पिकांवरची कीड पसरू नये म्हणून असलेल्या नियमाप्रमाणे, बटाटे, कांदे आणि मधाची बरणी काढून घेतली, तेव्हा बाकीचे प्रवासी कुरकुरत होते. केल्व्हिनने मात्र त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. तेवढेच सहा किलो उतरले!

नलरबोरच्या शेकडो किलोमीटर पसरलेल्या ओसाड मैदानात वाऱ्याला अडवायला झाड म्हणून नाही. तिथे सगळेच वारा बघून निघतात, पण फार तर एक दिवस थांबून. केल्व्हिनचा आज चौथा दिवस होता.

"बेरिलसाठी नेतोय तो केक आपणच संपवू या का?" त्याने जरा चाचरत विचारलं. "नाही म्हटलं तरी अडीच किलोचा आहे."

नोरीनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा टायर तपासायला गेला.

शुक्रवारीही झेंड्याची दिशा बदलली नाही. नोरीनने पंपावरून बहिणीला फोन लावला. "आम्ही काही पोचत नाही गं," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी दुपारी पश्चिमेकडून एक मोटारहोम धडधडत आलं. ते म्हातारीपेक्षाही जुनं होतं. दार उघडून बेरिल उतरली.

"तू येईनास, म्हणून मीच आले, बये!"

दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडता हसल्या. केक पंपावरच कापला.

"काय वारा होता रे पाठीशी!" बेरिलचा नवरा मर्व्ह खुशीत सांगत होता. "लिटरला नऊ दिले गाडीने!"

केल्व्हिनचा आजवरचा उच्चांक सात होता. केकचा घास त्याच्या तोंडात तसाच राहिला.

सोमवारी सकाळी बेरिल आणि मर्व्ह परतीला लागले. त्यांना हात हलवताना केल्व्हिनने झेंड्याकडे पाहिलं आणि उडीच मारली.

"नोरीन! वारा फिरला! पूर्वेचा झाला! चल लवकर, पश्चिमेला!"

"कशाला? वाढदिवस झाला की. आता घरी जायचं, पूर्वेला. शेजारीण किती दिवस आपल्या कोंबड्या सांभाळणार?"

केल्व्हिनचा चेहरा पडला. येताना पाठीशी, जाताना पाठीशी! मर्व्हचं नशीबच थोर. त्याने मुकाट्याने घडीची खुर्ची बाहेर काढून उलगडली. "मग थांबू या, वारा पुन्हा फिरेपर्यंत."

नोरीनने हात पुढे केला. "किल्ली दे."

त्याने दिली. ती गाडी चालवायला बसली, तो खुर्ची मिटून शेजारी बसला. समोरचा वारा अंगावर घेत म्हातारी कण्हत निघाली. नोरीन मात्र मजेत गुणगुणत होती. थोड्या वेळाने केल्व्हिन खण उघडून चाचपू लागला.

"माझी अ‍ॅव्हरेजची वही कुठंय?"

"बेरिलला दिली," नोरीन म्हणाली. "तेवढंच वजन कमी."