भोकं बुजवण्याबाबत

नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात बाउक्ये हिने रबराचा एक ठोकळा केला. त्याला शंभर गोल भोकं होती. वरून दाबला की सगळी भोकं एकाच क्षणी लंबगोल व्हायची, एक उभं, शेजारचं आडवं, आणि ठोकळा बाजूंनी फुगण्याऐवजी अंग चोरून घ्यायचा. सायकलच्या हेल्मेटात असं अस्तर घातलं तर पडणाऱ्याचं डोकं वाचेल, असं तिचं म्हणणं. तिथे हेल्मेट फारसं कुणी घालत नाही, तो भाग वेगळा. शुक्रवारी स्थैर्य समितीने ठोकळा पास केला नाही, तर तिची नोकरी जाणार होती.

समितीत सात जण. निर्णय एकमताने, कॉफीबरोबर बिस्किट एकच, मग डबा बंद. अध्यक्ष हारिंग्समांनी ठोकळा दाबला.

"बाई, हा वाकतो."

"वाकायलाच केलाय, साहेब."

"वाकेल तो नापास, असा नियम आहे. आणि ही भोकं कशाला?"

"भोकं गेली तर उरेल काय? नुसतं रबर!"

"अहो, समुद्राच्या पातळीखाली राहतो आपण. भोक दिसलं की आधी बुजवायचं, कुणी पाडलं ते मग विचारायचं."

शंभर भोकं बुजवण्यात आली. ठोकळा आता हूं की चूं करेना. 'उत्कृष्ट स्थैर्य' असा शेरा मिळाला. मग हेल्मेटात त्याचं अस्तर लावून, आत भोपळा घालून ते आपटलं. अस्तर जसंच्या तसं राहिलं, भोपळा फुटला. समितीने नोंद केली : भोपळा अस्थिर.

तेवढ्यात अधिष्ठात्यांचा फोन आला. मंत्रीबाई वाकणारा ठोकळा बघायला निघाल्या होत्या.

"भोकं बुजवलीत? भोकांशिवाय त्यात बघायला आहे काय, हारिंग्समा?"

"तेच तर मी केव्हाचं सांगतोय, साहेब!"

त्या क्षणी सातही जण वाकले, एक डावीकडे, शेजारचा उजवीकडे. मोडला कुणीच नाही. फोन ठेवताच सगळे पुन्हा ताठ. एवढी सफाई बाउक्येला रबरात तीन वर्षांत जमली नव्हती.

बुजवलेली भोकं काही उघडेनात. मंत्रीबाई दारात आल्या, तेव्हा बाउक्येने त्यांना समितीच दाखवली. बाईंनी नुसती भुवई उचलली आणि सातही जण वाकले. बाई खूश झाल्या. बाउक्येची नोकरी जागच्या जागी कायम झाली. हेल्मेटाचं मागे पडलं.

"हा पदार्थ आणखी मिळेल?" बाईंनी जाताना विचारलं.

"हवा तेवढा," बाउक्ये म्हणाली. "ही गोष्ट वाचून जे समितीला हसताहेत ना, ते सगळे उद्या सकाळी दहाला आपापल्या ऑफिसात हजर असतील."