पुंजाजी ग्रेडरचा हात

पुंजाजी ग्रेडर आपला उजवा हात मलमलीच्या फडक्यात गुंडाळून गावभर हिंडत असे. हाताला काही लागलेलं नव्हतं. वीस वर्षांपासून ते फडकं फक्त दोन कामांसाठी सुटायचं, जेवायला आणि कापसात हात घालायला. कुणी नमस्कार केला की तो गुंडाळी छातीशी नेऊन मान हलवायचा. सख्ख्या भाचीच्या लग्नात त्यानं अक्षता डाव्या हातानं टाकल्या. वराकडची मंडळी रुसून पंगतीला बसेनात, तरी फडकं सुटलं नाही.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हंगामात मी ढाणकीच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्याच्या हाताखाली लागलो. आवारात कापसाच्या गाड्या रांगेनं लागायच्या. वजन वाढावं म्हणून कुणी मधल्या थरावर पाणी शिंपडून आणायचं. वरून ते दिसत नाही, बोटांनाच कळतं. म्हणून पुंजाजी गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि ओला की सुका ते सांगायचा. त्यावर मालाचा नंबर ठरायचा. मी इंटर सायन्स झालेलो. वाटलं, ही विद्या सहा महिन्यांत येईल.

शिकवणं राहिलं बाजूला, नुसती बंधनं. "ठेचा खाऊ नोको. तिखटानं बोटं बहिरे होतात." वऱ्हाडातल्या माणसाचा ठेचा बंद करणारा हा कोण? विहिरीचा दोर ओढायचा नाही, घट्टे पडतात. गरम बशी धरायची नाही. माझी आई पाणी ओढतेय आणि मी धडधाकट पोरगा हात सांभाळत शेजारी उभा. गल्लीतल्या बाया काय काय बोलल्या असतील ते सांगायला नको. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "मले कायले इचारतं? हाताले इचार."

पण खरा संताप पुढेच आहे. गाडी आली की पुंजाजी आधी स्वतः हात घालायचा आणि डोळे मिटून देवापुढे उभा असल्यासारखा उभा राहायचा. मग मला म्हणायचा, "टाक हात. काय वाट्टे?"

"ओला वाट्टे."

"गाढव आहेस तू." आणि लगेच वळून कारकुनाला ठणकावून, "ओला आहे. दोन नंबर लिही."

मी सुका म्हटलं तरी गाढव, आणि कागदावर मात्र सुकाच. उत्तर माझं, मान त्याचा, शिवी मला. दोन हंगाम मी हे सहन केलं. घरी येऊन उशीवर बुक्के मारले.

तेवढ्यात अकोल्याहून सरकारी शेती खात्याचं नेमणुकीचं पत्र आलं. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं, सोबत जुन्या मालकाचा दाखला हवा होता. आणि जिनाचे मालक शेठजी दाखला देईनात. "ऐन हंगामात सोडायचं नाही. होळीनंतर पाहू." होळीपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाची झाली असती. शेवटी नाक मुठीत धरून मी पुंजाजीकडेच गेलो. त्यानं पत्र दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं आणि पुढच्या गाडीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भर आवारात, पंधरा गाडीवाल्यांच्या देखत त्यानं शेठजींना सांगितलं, "हा पोट्टा निव्वळ ठोकळा आहे. दोन सालात याले ओला-सुका नाही समजला. ठेवान तर पस्तावान."

दुपारी दाखला माझ्या हातात होता. आनंद व्हायला हवा होता, पण माझं अंग नुसतं जळत होतं. चारच्या मोटारीआधी जाब विचारायचाच, असं ठरवून मी वजनकाट्याच्या मागच्या पडवीत गेलो.

पुंजाजी एकटाच होता. पुढ्यात कापसाच्या दोन टोपल्या होत्या. एकीवर त्यानं तांब्यातलं पाणी शिंपडलं, कापूस वरखाली केला, मग डोळे घट्ट मिटून डाव्या हातानं टोपल्या इकडच्या तिकडे फिरवल्या. उजवा हात एकीत घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"सुका," तो स्वतःशी म्हणाला.

मला समोरून दिसत होतं. हात ओल्या टोपलीत होता.

त्यानं डोळे उघडले, टोपलीकडे पाहिलं, मग मला पाहिलं. मी त्याच्या शेजारी खाली बसलो.

"काका, हे कवापासून?"

"दोन सालं झाले. तू लागला त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एका सकाळी उठलो, तं बोटं सुन्न. दवा झाली, मालिश झाली. काही नाही." तो फडकं गुंडाळू लागला. "तुह्या हातावर दिवस काढले, बापू."

"मंग जाऊ काहून देता? तुम्ही थांब म्हटलं असतं तं मी थांबलो असतो."

"म्हूनच नाही म्हटलं," तो म्हणाला. "जाय आता. मोटार कोनाची वाट नाही पाहत."

मी त्याच्या पाया पडलो आणि निघालो. उद्या सकाळी पहिल्या गाडीत हात घालून हा माणूस ओल्यालाही सुकाच सांगणार, ते मला माहीत होतं. मोटारीत बसलो तेव्हा मला शेठजींचा राग आला, पुंजाजीचा आला, खिशातल्या सरकारी पत्राचाही आला. सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला, कारण मोटार सुटली तेव्हा मी उतरलो नाही.